आधी पैज, मग प्रयोग

पौष-माघात परभणीच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी दाण्यावर येते आणि भोरड्यांचे थवे उतरू लागतात. हल्ली बऱ्याच शेतांत पत्र्याचे डबे वाजवतात, चमकत्या फिती बांधतात. तरी माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणारा राखणदार अजून अगदीच दिसेनासा झालेला नाही. गोफणीला दोन दोऱ्या असतात. एकीचा फास बोटात अडकवायचा, दुसरीचं टोक चिमटीत धरायचं, मधल्या झोळीत गुंडा ठेवायचा. डोक्यावर दोन-तीन फेरे झाले की चिमूट सुटते आणि गुंडा थेट थव्यावर जातो.

हिशेब करून पाहू. दोरी एक मीटर आणि सेकंदाला दोन फेरे धरले, तर गुंडा सेकंदाला साडेबारा मीटर अंतर कापतो, म्हणजे ताशी 45 किलोमीटर.  पण गोफणीतली खरी गंमत वेगात नाही, दिशेत आहे. चिमूट सुटल्या क्षणी गुंडा कोणत्या वाटेने जातो?

बालभारतीच्या नववीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण ‘गतीचे नियम’ हे आहे. ते सुरू करण्याआधी, पुस्तक मिटलेलं असतानाच, हा प्रश्न वर्गाला घालावा. फळ्यावर वरून पाहिल्यासारखं एक वर्तुळ काढावं, त्यावर एका ठिकाणी गुंडा दाखवावा आणि तिथून तीन वाटा काढाव्यात. पहिली वाट वळण घेत जाणारी, दुसरी केंद्रापासून सरळ बाहेर पळणारी आणि तिसरी वर्तुळाला त्या बिंदूपाशी स्पर्श करून सरळ निघून जाणारी. मग हात वर करायला सांगावं. पहिल्या दोन वाटांना भरपूर मतं पडतात. कारण विचारलं की लेकरं उत्तरही देतात: “सर, इतका वेळ गोल फिरलाय, त्याला गोल जायचीच सवय लागलेली असती की.”

या उत्तराला हसू नये. 1980 साली मायकेल मॅक्लॉस्की आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना असाच प्रश्न विचारला होता. गुंडाळलेल्या नळीतून बाहेर पडणारी गोळी पुढे कशी जाईल, ते त्यांना कागदावर काढायचं होतं. त्यांतल्या अनेकांनी वळणारी वाट काढली, आणि त्यांत कॉलेजात भौतिकशास्त्र शिकलेलेही होते. आपल्याकडच्या वैशेषिक दर्शनाने बाणाच्या गतीचा विचार केला तो याच अंगाने. पहिली गती प्रत्यंचेच्या रेट्याने मिळते, पुढची गती बाणात निर्माण झालेल्या ‘संस्कारा’ने टिकते आणि तो संस्कार संपला की गुरुत्वामुळे बाण खाली येतो. चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये ज्याँ ब्युरिदाँनेही फेकलेल्या वस्तूत काहीतरी ‘भरलं’ जातं असंच मांडलं. तेव्हा मानवतच्या नाही तर जिंतूरच्या शाळेतली मुलगी ‘गुंड्यात ताकद भरलेली असती’ असं म्हणते, तेव्हा ती शेकडो वर्षं फार हुशार माणसांनी केलेला विचार स्वतःच्या बळावर करत असते. तो विचार चुकीचा आहे, पण तो रिकाम्या डोक्यातून आलेला नाही.

तो येतो अनुभवातून. बैल थांबले की गाडी थांबते. पॅडल मारणं सोडलं की सायकल मंदावते. ढकलणं बंद केलं की पोतं जागच्या जागी बसतं. ज्याला रोज हेच दिसतं त्याने ‘जोर असेपर्यंत गती, जोर संपला की गती संपली’ असा नियम बांधला तर ते तर्काला धरूनच आहे. ॲरिस्टॉटलनेही तसाच बांधला होता. आता या मुलासमोर फळ्यावर न्यूटनचा पहिला नियम लिहिला की काय होतं? तो नियम वहीत उतरतो, परीक्षेत दोन गुण मिळवून देतो आणि डोक्यातला जुना नियम होता तिथेच राहतो. दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. एक शाळेसाठी, दुसरा रानासाठी.

आणि तरीही गोफण चालवणाऱ्याचा हात मात्र बरोबर चालतो. गुंडा थव्याच्या रोखाने असतो तेव्हा तो चिमूट सोडत नाही. गुंडा बाजूला असताना, त्याची धाव थव्याकडे वळते त्या क्षणी सोडतो. स्पर्शरेषेचा नियम त्याच्या मनगटात आहे, जिभेवर नाही. गती शिकवायची म्हणजे हाताला ठाऊक असलेलं जिभेपर्यंत आणायचं, आणि जिभेवर आधीपासून बसलेलं चुकीचं उत्तर मुलाकडूनच मोडून घ्यायचं. प्रयोगाचं काम नेमकं हे आहे.

इथेच आपल्याकडचे बहुतेक प्रयोग उणे पडतात. शिक्षक टेबलामागे उभे, मुलं बाकांवर, प्रयोग होतो, सगळे ‘वा’ म्हणतात, तास संपतो. हार्वर्ड विद्यापीठात एरिक मॅझूर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याचीच परीक्षा घेतली आणि 2004 साली निष्कर्ष छापले. प्रयोग अजिबात न पाहिलेल्या विद्यार्थ्यांपैकी 22 टक्क्यांना घडलेल्या गोष्टीचं कारण नीट सांगता आलं. प्रयोग नुसता पाहिलेल्यांपैकी 24 टक्क्यांना. म्हणजे एवढा खटाटोप करून हाती जवळपास काहीच लागलं नाही. पण ज्यांना प्रयोगाआधी ‘काय होईल ते नोंदवा’ असं सांगितलं होतं, त्यांच्यात हे प्रमाण 30 टक्के झालं, आणि ज्यांनी नंतर एकमेकांत चर्चाही केली त्यांच्यात 32. भाकीत नोंदवायला दर प्रयोगामागे जास्तीची दोनेक मिनिटं लागली, एवढाच खर्च. आकडे डोळे दिपवणारे नाहीत, म्हणूनच मला ते प्रामाणिक वाटतात. गती ही अवघड गोष्ट आहे.

आपल्या गावात यासाठी नेमका शब्द आहे: पैज. पैज लावली की माणूस बघ्या राहत नाही. त्यामुळे नियम एकच ठेवावा. वहीत उत्तर लिहिल्याशिवाय गोटी सुटणार नाही.

गोफणीची पैज वर्गातच सोडवता येते. प्लास्टिकची बांगडी घ्या, तिचा पाव हिस्सा कापून टाका, ती शहाबादी फरशीवर आडवी ठेवा आणि आतल्या कडेने गोटी फिरवा. कापलेल्या ठिकाणी गोटी बाहेर येते आणि सरळ निघून जाते. वळत नाही, केंद्रापासून बाहेरही पळत नाही. बांगडीची कड तिला सतत आत ढकलत होती म्हणून ती वळत होती. कड संपली, वळणं संपलं. फरशीवर रांगोळीची पूड पसरली तर वाट उमटूनच राहते आणि फळ्यावरच्या तिन्ही रेघांशी ती ताडून पाहता येते. मैदानात करायचंच असेल तर गोफणीत दगड नको, ओल्या फडक्याची घट्ट गाठ घ्यावी.

पहिल्या नियमासाठी शहाबादी फरशीच पुन्हा कामाला येते. लाकडी पाट गोणपाटावर ढकला, मग कोऱ्या फरशीवर, मग कॅरमची पावडर टाकलेल्या फरशीवर. दर वेळी आधी वहीत लिहायचं की पाट किती फरशा जाईल. तिसऱ्या खेपेला पाट सगळ्यांच्या अंदाजाच्या पुढे जातो. आता खरा प्रश्न विचारावा: घर्षण शून्यच असेल अशी फरशी मिळाली तर? इथे वर्गात शांतता होते, कारण अशी फरशी कोणी पाहिलेली नाही. न पाहिलेल्या ठिकाणी विचाराने पोहोचणं, गॅलिलिओने हेच केलं. शक्य असेल तर जुन्या सीडीच्या भोकावर बाटलीचं बूच चिकटवावं, बुचाला बारीक छिद्र पाडावं आणि त्यावर फुगवलेला फुगा बसवावा. फुग्यातली हवा सीडीखाली पसरते आणि सीडी फरशीला न टेकता सरकत राहते. शून्य घर्षण नाही, पण त्याच्या बरंच जवळ.

आता गॅलिलिओचा मुख्य प्रयोग. खाली पडणारी वस्तू कशी वेग घेते हे त्याला मोजायचं होतं, पण सेकंदाचे भाग दाखवणारं घड्याळ तेव्हा नव्हतं. म्हणून त्याने पडणं मंद केलं: लांब फळीला खाच पाडली, एक टोक थोडं उचललं आणि ब्राँझची गोळी सोडली. वेळ मोजायला भांड्यातून बारीक धारेने पडणारं पाणी तोललं. 1638 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात हे वर्णन आहे. टोरांटोचे इतिहासकार स्टिलमन ड्रेक यांनी मात्र 1970च्या दशकात वेगळा अंदाज मांडला. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो हे ल्यूट वाजवणारे संगीतकार, घरात लयीचं शिक्षण. तेव्हा त्याने सुरुवातीला फळीवर आडव्या तारा बांधून गोळीचा खटका तालाशी जुळवला असावा. ठेका चुकला तर संगीत जाणणाऱ्या कानाला तो लगेच खटकतो.

हा अंदाज वाचला की मला जनाबाईंचं गंगाखेड आठवतं आणि गावोगावची भजनी मंडळं. टाळावर सम ठेका धरणारा एक तरी मुलगा किंवा मुलगी कोणत्याही वर्गात सापडते. शेतीच्या वीस फुटी पीव्हीसी पाइपातला दहा फुटांचा तुकडा उभा चिरला की पन्हाळ तयार होते. ती सपाट जागी नीट टेकवून एक टोक 6 सेंटिमीटर उचला, त्याहून जास्त नको. गोटीला 3 मीटर जायला साधारण साडेसहा सेकंद लागतात. पन्हाळीच्या तळाला बारीक शिवणदोऱ्याचे आडवे तुकडे चिकटवा, म्हणजे त्यावरून जाताना गोटी ‘टक्’ वाजते. टाळकरी सावकाश ठेका धरतो, दीड सेकंदाला एक. एका ठेक्यावर गोटी सुटते आणि पुढच्या प्रत्येक ठेक्यावर एक ‘टक्’ यावा असे दोरे मागेपुढे सरकवायचे.

दोरे लावण्याआधी पैज: ते सारख्या अंतरावर येतील का? वेग वाढतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण किती वाढतो यावर वर्ग फुटतो. कोणी म्हणतं दुप्पट दुप्पट, कोणी म्हणतं दर वेळी तेवढंच जास्त. जुळणी लागली की मोजपट्टी काढायची. सुरुवातीपासून दोरे साधारण 16, 63, 142 आणि 252 सेंटिमीटरवर येतात. म्हणजे पहिलं अंतर एक धरलं तर एकूण अंतरं 1, 4, 9, 16, आणि मधल्या टप्प्यांचं प्रमाण 1, 3, 5, 7. विषम संख्यांची ही रांग पोरांनी स्वतः मोजून काढलेली असते. यानंतर फळ्यावर ‘अंतर हे काळाच्या वर्गाच्या प्रमाणात’ असं लिहिलं तर ते कोणाला परकं वाटत नाही. त्वरण ही कल्पना याच प्रयोगाने शिकवावी असं मी म्हणेन. सूत्रांची व्युत्पत्ती पंधरवडाभर थांबली तरी चालेल.

आकडे थोडे इकडे-तिकडे येतील. 63च्या ठिकाणी 60 येईल, कारण दोऱ्यावर गोटी जरा अडते आणि टाळकऱ्याचा हातही माणसाचाच. अनेक शिक्षक प्रयोग टाळतात ते याच भीतीने: वर्गासमोर आकडा चुकला तर? पण पुस्तकातला आकडा तंतोतंत येणं हे प्रयोगाचं यश नाही. प्रत्येक मोजमाप तीनदा घ्यावं, तिन्ही फळ्यावर लिहावीत आणि ती वेगवेगळी का आली हे वर्गाला विचारावं. गॅलिलिओ स्वतः शंभरदा केल्याचं सांगतो.

पुढचा प्रयोग सायकलचा. मराठवाड्यात मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर कितीतरी मुली शाळेत येतात. प्रयोगशाळा आपल्या पायांनीच दारात आलेली असते. औषधाच्या दुकानातून सलाईनचा नवा सेट आणावा, वापरलेला नको. तो पाण्याच्या बाटलीला जोडून कॅरिअरला बांधावा आणि चाकी फिरवून सेकंदाला दोन थेंब असा धरावा. पाण्यात नीळ घालावी, नाहीतर उन्हात थेंब दिसेपर्यंत सुकतात. सायकल चालली की रस्त्यावर थेंबांची रांग उमटते आणि दोन थेंबांमधला काळ नेहमी सारखाच असतो. ठिबकची सवय असलेल्या पोरांना हे समजावून सांगावं लागत नाही.

पैज अशी लावायची. मुलगी सपाट रस्त्यावर सारखं पॅडल मारत गेली, तर थेंबांमधली अंतरं वाढत जातील, सारखी राहतील, की कमी होतील? ‘जोर तर लावतीच आहे, म्हणजे वाढणार’ असं बरेच जण लिहितात. अंतरं सारखी निघतात. मग वर्गात जो वाद होतो त्यातूनच बाहेर येतं की तिचा जोर वारा आणि घर्षण खाऊन टाकतात. उरलेलं बल शून्य, म्हणून वेगात बदल शून्य. उतारावरून सायकल नुसती सोडली तर थेंब दूर दूर पडत जातात, सपाटीवर पॅडल सोडलं तर जवळ येतात. एखादी चौकस मुलगी विचारेल की थेंब पडता पडता पुढे जातो, मग अंतर चुकणार नाही का? प्रश्न अस्सल आहे. प्रत्येक थेंब पडायला सारखाच वेळ घेतो आणि सुटताना सायकलचाच वेग घेऊन निघतो, म्हणून सगळे जवळपास सारखेच पुढे सरकतात आणि रांगेचा नमुना टिकतो.

दोन नाण्यांचा खेळ लहान, पण मला फार आवडतो. टेबलाच्या कडेबाहेर आलेल्या पट्टीवर एक नाणं ठेवायचं, दुसरं टेबलावर पट्टीला चिकटून. पट्टीला टिचकी मारली की पहिलं सरळ खाली पडतं, दुसरं लांब उडतं. आधी कोण खाली पोहोचेल? डोळे मिटून ऐकायला सांगावं. पाऊण मीटरच्या टेबलावरून दोन्ही साधारण 0.4 सेकंदात पोहोचतात आणि ‘टण्’ एकदाच वाजतं. आडव्या गतीने पडण्यात काही फरक पडत नाही, हे तिथे कानांनी कळतं.

परभणीहून गंगाखेडमार्गे परळीला जाणारी गाडी हाही एक वर्ग आहे. गाडी एका चालीने गोदावरीचा पूल ओलांडत असताना लिंबू सरळ वर फेकलं तर ते मागे पडतं की हातात येतं? हातात येतं, कारण गाडीचा वेग लिंबाजवळही असतो. ब्रेक लागत असताना फेकलं की मात्र ते पुढे जातं. कल्याण–निर्मल महामार्गावरून पाथरीकडे जाणाऱ्या एसटीत किलोमीटरचे दगड आणि हातातलं घड्याळ एवढ्यावर चालीचा आलेख काढता येतो. शिक्षकाच्या मोबाइलमध्ये मंद गतीचं चित्रण असेल तर उत्तम, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप असेल तर आणखी उत्तम. त्यात त्वरणाचा आलेख डोळ्यांसमोर उमटतो. पण ही साधनं दोऱ्या-गोट्यांनंतर यावीत. आधी आली तर आलेख हे मोबाइलचं काम वाटतं, स्वतःचं नाही.

स्वस्त साधनांनी शिकवण्याचा हा मार्ग आपल्या देशात नवा नाही. 1972 साली मध्य प्रदेशात किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी 16 शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. मुलांनी स्वतः प्रयोग करायचे आणि निष्कर्षही स्वतः काढायचे. पुढे तो शेकडो सरकारी शाळांत पोहोचला आणि 2002 साली राज्य सरकारने तो बंद केला. तो बंद होणं ही मोठी हानी होती, असं मला अजूनही वाटतं. पण त्याची बीजं दूर गेली. पुण्यात टेल्कोत काम करणारे अभियंता अरविंद गुप्ता 1978 साली तिथे गेले आणि पुढे टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणं हेच त्यांचं आयुष्य झालं. पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षं काम केलं. त्यांची पुस्तकं आणि चित्रफिती मराठीतही मोफत मिळतात. सेलू किंवा पालमच्या शिक्षकाला त्यासाठी पुण्याला जावं लागत नाही.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनांत मात्र गती क्वचित भेटते. ज्वालामुखी असतो, पवनचक्की असते, ठिबकचा देखावा असतो. गती टेबलावर मांडून ठेवता येत नाही, ती घडवावी लागते आणि परीक्षक येईपर्यंत थांबत नाही. एका कोपऱ्यात नुसती पन्हाळ, टाळ आणि पैजेची वही ठेवून पाहावं. येणाऱ्याने आधी वहीत लिहायचं, मगच गोटी. दिवसअखेर त्या वहीत गावाच्या डोक्यातला गतिशास्त्राचा नकाशा तयार होतो. कोणते गैरसमज किती पक्के आहेत, हे त्यावरून शिक्षकाला कोणत्याही चाचणीपेक्षा चांगलं कळेल.

शेवटी एक पैज वाचकासाठी. प्लास्टिकच्या बाटलीला तळाजवळ खिळ्याने भोक पाडा, पाणी भरा, बूच उघडं ठेवा. भोकातून धार उडू लागेल. आता ही बाटली उंचावरून सोडली तर पडताना धारेचं काय होईल? लिहून झालं असेल तरच पुढे वाचा. धार थांबते. बाटली आणि पाणी एकाच त्वरणाने पडत असतात, त्यामुळे पाणी बाटलीला दाबत नाही आणि भोकातून बाहेर यायला त्याला काही कारण उरत नाही. वर्गातल्या जवळपास प्रत्येकाला हे पहिल्यांदा पाहताना पुन्हा एकदा पाहावंसं वाटतं, तेव्हा दोन बाटल्या भरून ठेवाव्यात. दुसरी बाटली खाली सोडू नका. ती सरळ वर फेका, आणि फेकण्याआधी वर्गाकडून लिहून घ्या: हातातून सुटल्यावर ती वर जात असताना धार चालू राहील की थांबेल?

याचं उत्तर इथे देत नाही. खिळा आणि बाटली प्रत्येक घरात आहे.